थांब्यावरची बैठक

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या मीनाड्रीनला माझी बस तीन मिनिटं थांबते. बावीस वर्षं झाली, सोमवार ते शनिवार, दिवसातून दोनदा. त्या तीन मिनिटांत परगावची माणसं पाठीवर पिशव्या नि हातात फोन घेऊन माझ्या खिडकीशी येतात आणि एकच गोष्ट विचारतात, इथे खरं वाजवणं कुठे ऐकायला मिळेल? पूर्वी मी तोंड उघडायचीही तसदी घेत नसे. रस्त्यापलीकडे बोट दाखवायचं. शार्लीचा पब, रविवारी दुपारी चारला, आणि गेलात तर गप्प बसा.

शार्ली वारला आणि त्याचा मुलगा फर्गल ऑस्ट्रेलियातून परत आला, तिथून पुढचं सगळं घडलं.

फर्गल वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शाळेत तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मागे, पण बाई आम्हाला त्याच. गावातल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येकाला नाब्लाबाईंनीच आयरिश लिहायला शिकवलं. पोरं संपली म्हणून शाळेला कुलूप लागलं, त्या दिवशीही फळ्यावर तारीख त्यांनीच घातली होती. त्यांचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, त्यांच्या वडिलांचं. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला चार महिने वाजवायला शिकवलं आणि एक दिवस शांतपणे सांगितलं, "ह्यूडी, तू ऐकायला बस. ऐकणाराही लागतोच की." तेव्हापासून मी ऐकायला बसतो.

रविवारच्या बैठकीत बाई खिडकीलगतच्या बाकावर बसायच्या. आजूबाजूला पाचसहा जण, कधी दहा. दोन फिडलं, एक बासरी, एक गळ्यात अडकवायची पेटी, अकॉर्डियन. जे यायचे ते आपापली खुर्ची ओढून घ्यायचे. कुणी कुणासाठी वाजवत नसे. मधल्या मोकळ्या वेळात गप्पा, शेवंडांचे भाव, कुणाची गाय व्याली, सगळं आयरिशमध्ये. आणि केव्हातरी बाई गज खाली ठेवून म्हणायच्या, "कॉन्डी, तुझं होऊ दे."

कॉन्डी एक्याऐंशी वर्षांचा. अजून एकट्याने होडी काढतो, शेवंडांचे पिंजरे टाकतो. तो वाद्याशिवाय गातो, डोळे मिटून, आणि गाताना शेजारच्याने त्याचा हात हातात धरून कडव्यासोबत हळूहळू फिरवायचा असतो. तो हात बहुतेक वेळा माझा असे. त्याच्याकडे गाणी पुष्कळ, पण एक त्याच्या आजीनं केलेलं होतं, कॅरिगच्या टोकाशी होडी बुडून तिघं गेले त्यांचं. त्यातला एक तिचा नवरा. अकरा कडवी. ते गाणं चालू असताना शार्ली गिऱ्हाइकाला बिअर देत नसे. ग्लास अर्धा भरला असेल तर अर्धाच राहायचा.

फर्गलनं आल्या आल्या स्टेज बांधलं. दोन माइक, मोठे काळे स्पीकर, मागे हिरवा दिवा. दाराबाहेर मोठा कापडी फलक लावला, त्यावर फिडल वाजवणाऱ्या बाईंचा फोटो, तोही न विचारता. मग मोठ्या शहरांतून येणाऱ्या सहलीच्या गाड्या पबसमोर थांबायला लागल्या. त्या गाड्या पाचला निघायच्या, म्हणून चार ते पाच या वेळात सगळं बसवायचं होतं. बाईंना त्यानं विनंती केली की स्टेजवर बसा. बाई म्हणाल्या, मला इथे उजेड चांगला मिळतो. मग म्हणाला, मधे बोलताना थोडं इंग्रजी बोलाल का, पाहुण्यांना परकं वाटतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात पाहायच्या तसं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोन गाड्या एकदम आल्या. पब गच्च भरला. कॉन्डीनं आजीचं गाणं धरलं, माझ्या हातात त्याचा हात. पाचवं कडवं संपलं आणि तो श्वास घेत होता, तेवढ्यात फर्गल गर्दीतून वाट काढत आला, कॉन्डीच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि इंग्रजीत म्हणाला, "कॉन्डी, आता एखादं टाळ्या वाजवायचं घे. यांची गाडी पाचची आहे."

कॉन्डीनं डोळे उघडले. सगळीकडे एकदा पाहिलं, जणू कुठे बसलोय हेच त्याला कळेना. मग त्यानं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

आदळआपट काही झाली नाही. बाईंनी गज सैल केला, फिडल पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. कॉन्डीला म्हणाल्या, हात दे, पायरी ओली आहे. ती दोघं निघाली तशी पेटीवाला उठला, बासरीवाला उठला, मी उठलो. दारात बाई थांबल्या. हातातल्या पर्समध्ये त्यांची शिवणाची कात्री असे. ती काढून त्यांनी बाहेरच्या फलकावरून स्वतःचा फोटो कापून घेतला. घाईनं नाही, कडेकडेनं, हनुवटीखाली नीट गोलाई घेऊन. फोटोची घडी करून पर्समध्ये टाकली. फलकाला माणसाच्या आकाराचं भोक पडलं आणि त्यातून मागची पांढरी भिंत दिसायला लागली.

पुढच्या रविवारी कुठे बसायचं, यावर बाईंच्या घरी चहा झाला. पेटीवाला म्हणाला, तुमचं स्वयंपाकघर मोठं आहे. कुणी म्हणालं, माझा गोठा रिकामा आहे. बाईंनी दोन्हीला नाही म्हटलं.

"घरात बसलो तर लपल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. "आपण काय चोरी केलीय? समोरच बसायचं. त्याच्या खिडकीतून दिसेल असं."

समोर म्हणजे माझा बसथांबा. काँक्रीटची शेड, तीन भिंती, वर पक्कं छप्पर, आत लांब बाक. पश्चिमेकडून पाऊस आला तरी आत येत नाही. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. रविवारी चारला त्या बाकाच्या मधोमध बसल्या, पाठ भिंतीला लावली आणि पहिल्याच धुनेनं आम्हाला कळलं की या शेडमध्ये आवाज पबपेक्षा चांगला घुमतो. रस्त्यापलीकडे फर्गलनं शहरातून दोन पोरं आणली होती, गिटार आणि ढोल. त्यांचे स्पीकर सुरू झाले की आमचं ऐकू येईनासं व्हायचं. बाई थांबायच्या, ते थांबले की पुन्हा तिथूनच उचलायच्या. दोन महिन्यांनी निम्म्या गाड्यांतली माणसं हातात ग्लास घेऊन रस्ता ओलांडायला लागली.

फक्त कॉन्डी येत नव्हता. मी त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, पिंजरे दुरुस्त करायचेत. पुन्हा गेलो तर म्हणाला, गाणी विसरलो रे. तोंड फिरवून म्हणाला, म्हणून मी टोपी घालून निघालो.

जुलैत रोझलीन आली. बेलफास्टची नर्स, पन्नाशीच्या आसपास, पाठीवर फिडलची पेटी. माझ्या बसमध्ये चढली आणि मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये बोलायला लागली. तिची रात्रपाळी संपल्यावर ती भाषेच्या वर्गाला जायची, तिथे शिकली होती. चार दिवस ती किनाऱ्यानं गावोगाव फिरत होती, फोनवर यादी बघून. म्हणाली, प्रत्येक ठिकाणी तीच तीन गाणी, तोच हिरवा दिवा, आणि फिडल काढलं की लोक फोटो घेतात. यादीत आमच्या गावाचंही नाव होतं, फर्गलच्या स्टेजचं.

मी तिला सांगितलं, "रविवारी चारला बसथांब्यावर या."

"रविवारी बस असते?"

"नसते," मी म्हणालो.

ती आली. पहिले दोन रविवार तिनं पेटी उघडलीच नाही, माझ्याशेजारी बसून ऐकलं. मुक्काम वाढवला म्हणे. तिसऱ्या रविवारी बाईंनी विचारलं, त्या पेटीत सँडविच आहेत का? रोझलीननं फिडल काढलं आणि एक धून सुरू केली, घाबरलेलं माणूस वाजवतं तशी, भराभर. बाईंनी तिला मधेच थांबवलं.

"मागे कुणी लागलंय का तुझ्या?"

"नाही."

"मग हळू वाजव. आम्हालाही यायचंय बरोबर."

तिनं पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला बाई तिच्यात शिरल्या, तिसऱ्याला सगळे. वाजवून झाल्यावर रोझलीन बराच वेळ गज पुसत बसली.

ऑगस्टात रस्त्यांच्या कचेरीतून पिवळं जाकीट घातलेला एक तरुण आला. कुणीतरी तक्रार केली होती की थांब्यावर बेकायदा गर्दी जमते. कुणी केली ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली. बाई आयरिशमध्ये म्हणाल्या की हे आयरिश बोलणारं गाव आहे, सरकारी काम इथे आयरिशमध्ये चालतं, आणि शाळेत तूही बारातेरा वर्षं शिकलायस. पोरगा लाल झाला. आठवून आठवून, एकेक शब्द जुळवत बोलायला लागला. दोनदा बाईंनी त्याचं व्याकरण सुधारलं.

"हा थांबा प्रवाशांसाठी आहे," तो शेवटी म्हणाला.

"आम्ही प्रवासीच आहोत. बसची वाट बघतोय."

"बाई, रविवारी बस नसते."

"म्हणून तर इतका वेळ लागतोय."

शेडमधली सगळी माणसं हसली. तो पोरगाही हसला, मग सावरला आणि म्हणाला, रविवारी या थांब्यावर प्रवासी नसतात अशी आमच्याकडे नोंद आहे. वापर नसेल तर शेड पाडून नुसता खांब लावायचं चाललंय.

बाईंनी हसणं थांबवलं. म्हणाल्या, "मग नोंद दुरुस्त करायला हवी."

त्याच दिवशी रोझलीननं आपल्या वहीतून एक कागद फाडला आणि वर लिहिलं, रविवार, मीनाड्रीन, बसची वाट पाहणारे. खाली पहिलं नाव स्वतःचं घातलं आणि कुठे जायचं होतं त्या रकान्यात लिहिलं, डंगरोला, चहा प्यायला. डंगरो म्हणजे माझ्या बसचा शेवटचा थांबा. पुढच्या रविवारपासून प्रत्येकानं सही करायची हा नियमच झाला. जर्मन सायकलवाले, एक जपानी जोडपं, कॉर्कच्या चार बहिणी. ज्यांना वाजवता येत नव्हतं त्यांनाही सही करता येत होती. कागदांची चवड बाई बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या.

शेड पाडायची नोटीस कचेरीतून आली ती इंग्रजीत. बाईंनी ती न उघडता परत पाठवली, पाकिटावर लिहिलं, भाषा चुकली आहे. पाच आठवड्यांनी आयरिशमधली आली. बाईंनी लाल पेन घेतलं. नऊ चुका निघाल्या. प्रत्येकीखाली रेघ, समासात बरोबर शब्द, तळाला दहापैकी चार, आणि शेरा, पुन्हा लिहून आणणे. तीही परत गेली. बरोबर लिहिलेली नोटीस यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर आमच्याकडे सहाशे सह्या जमल्या होत्या आणि बाईंनी एक प्रत बस कंपनीला, एक मंत्र्याला आणि एक पिवळ्या जाकिटातल्या पोराला घरच्या पत्त्यावर पाठवली होती, कारण त्याची आजी त्यांच्या ओळखीची निघाली. शेड पाडायला मग कुणी आलं नाही.

हिवाळा वाईट गेला. समोरच्या उघड्या बाजूनं वारा आत घुसायचा, म्हणून आम्ही मच्छीमारांच्या जुन्या ताडपत्रीचा पडदा लावला. बोटं गारठून धुना अडखळायच्या. काही रविवारी चारच जण असायचे, मी धरून. एकदा मी बाईंना म्हणालो, दोन महिने घरात बसू, उन्हाळ्यात परत येऊ. त्या हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "ह्यूडी, आपण एक रविवार चुकवला ना, की फर्गल म्हणेल संपलं. आणि मग आपल्यालाही तसंच वाटायला लागेल."

फेब्रुवारीत फर्गल स्वतः रस्ता ओलांडून आला. हातात चहाचा मोठा थर्मास. म्हणाला, तक्रार मी केली होती. बाई म्हणाल्या, माहीत आहे.

"बाई, गाव रिकामं होतंय," तो म्हणाला. "गाड्या थांबल्या नाहीत तर मला दार बंद करावं लागेल. मग तुम्हालाही बसायला जागा कुठली? मी सगळं गावासाठीच करत होतो."

"ते मला पटतं," बाई म्हणाल्या. "पण गाव वाचवायला गावालाच गप्प बसवलंस तू. त्या पाहुण्यांना दाखवायला मग उरलं काय? हिरवा दिवा?"

तो म्हणाला, स्टेज काढतो, परत या. बाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला, आधी मला दिला. म्हणाल्या, मला नको विचारूस, कॉन्डीला विचार. फर्गल खरोखर कॉन्डीच्या घरी गेला. कॉन्डीनं त्याला बसायला दिलं, पिंजऱ्याची एक जाळी विणायला दिली, आणि त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. तासाभरानं फर्गल परत आला तेव्हा त्याच्या बोटांना डांबर लागलेलं होतं. स्टेज त्यानं काढलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला डेपोत बोलावलं. बस कंपनीनं मीनाड्रीनला आठ आठवडे प्रयोग म्हणून रविवारची फेरी मंजूर केली होती. सह्यांचा ढीग साहेबांच्या टेबलावर होता, सगळ्यात वर रोझलीनच्या चहाचा कागद. गाडी दुपारी सव्वाचारला मीनाड्रीनला, पावणेपाचला डंगरोला, तिथून परत. चालक, अर्थात मी.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा माझा चेहरा उतरलेला होता. दर रविवारी मी ऐकायला बसायचो, आणि आता ऐन त्या वेळी मी गाडी चालवणार. त्या जिंकल्या होत्या आणि मी बैठकीतून बाहेर फेकला गेलो होतो. बाई माझं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, बस मागितली आपण, तर बसायला नको का तिच्यात?

पहिल्या रविवारी पुढच्या सीटवर इन्स्पेक्टर होता, हातात माणसं मोजायचं यंत्र. थांब्यावर पोचलो तर आत धून चालू. ती संपेपर्यंत कुणी उठलं नाही. मी दार उघडून वाट पाहत राहिलो. मग बाई उठल्या, गज सैल न करताच फिडल काखेत धरलं, आणि म्हणाल्या, "चला, आली आपली बस." त्रेचाळीस माणसं चढली. रोझलीन बेलफास्टहून मुद्दाम आली होती. सगळ्यात शेवटी, टोपी हातात घेऊन, कॉन्डी. तो केव्हा येऊन शेडमागे उभा राहिला होता, मी पाहिलं नव्हतं. पबच्या दारात फर्गल खांद्यावर फडकं टाकून उभा होता. त्यानं हात वर केला. मीही केला.

गाडी सुटली आणि मागे वाजवणं सुरू झालं. वळणावर सगळे एका बाजूला कलायचे, धून तशीच चालू. इन्स्पेक्टर दोनदा मागे वळून बघून पुन्हा समोर बसला. कॅरिगचं टोक आलं, समुद्र दिसायला लागला, आणि वाद्यं एकेक करून थांबली. मी आरशात पाहिलं. कॉन्डीनं डोळे मिटले होते. बाईंनी त्याचा हात हातात घेतला होता. त्यानं आजीचं गाणं धरलं.

चालत्या गाडीत ते गाणं ऐकायचं नसतं. मी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं. "बिघाड आहे का?"

"नाही."

"मग?"

"अकरा कडवी आहेत," मी म्हणालो. "ती संपल्यावर निघू."

तो काहीतरी बोलणार होता, पण पाचवं कडवं संपलं आणि कॉन्डी थांबला. अख्ख्या गाडीत खिडक्यांवर आपटणाऱ्या वाऱ्याचाच आवाज. बाईंनी त्याचा हात एकदा सावकाश फिरवला, पुन्हा फिरवला. कॉन्डीनं श्वास घेतला आणि सहावं कडवं म्हटलं. मग सातवं. शेवटपर्यंत. संपल्यावर त्यानं डोळे उघडले आणि समुद्राकडे पाहत म्हणाला, "भरती जोरात आहे." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीत कुणाला वाजवाव्याशा वाटल्याही नाहीत.

डंगरोला आम्ही एकोणीस मिनिटं उशिरा पोचलो. फेरीच्या नोंदपत्रकावर उशिराच्या कारणासाठी छापील चौकटी आहेत: रहदारी, हवामान, बिघाड. मी तिन्ही सोडून खाली हातानं लिहिलं, गाणं, अकरा कडवी. इन्स्पेक्टरनं वाचलं आणि सही केली.

सोमवारी डेपोतून फोन आला. साहेब म्हणाले, असं पुन्हा होता कामा नये. मी म्हणालो, दर रविवारी होणार आहे. आजीचं गाणं दर वेळी नसेल, पण काही ना काही असेल, आणि गाणं चालू असताना मी इंजिन चालू करणार नाही. ते म्हणाले, वेळापत्रक छापून झालंय. मी म्हणालो, मग दुसरं छापा.

अजून छापलेलं नाही. आठ आठवड्यांचा प्रयोग कधीच संपला, फेरी चालू आहे, आणि मी दर रविवारी डंगरोला उशिरा पोचतो.